सायकलमागे लागणारी कुत्री: आधी दवाखाना, मग सालदार

पत्र:

नाना, नमस्कार. मी यावल तालुक्यातला, वय सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून गिअरची सायकल घेतली. पहाटे साडेपाचला निघतो, फैजपूरच्या अंगाला जाऊन सात-साडेसातला घरी. शुगर आटोक्यात आली, पण कुत्र्यांनी जीव नकोसा केलाय. गावाबाहेर पडताना चिकनच्या दुकानांपाशी पाच-सहा जणांची टोळी असते. पुढे एका केळीच्या बागेत सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या) खोलीपासून एक काळा कुत्रा सुटतो, तो बांध संपेपर्यंत सोडत नाही. आणि दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या शेतात मेंढ्या बसल्यात, त्यांची दोन दांडगी कुत्री. गेल्या आठवड्यात काळ्याने पोटरीजवळ पँट धरली, मी पडलो, कोपर सोललं. दात लागला नसावा, पायाला नुसता ओरखडा आहे. मित्र म्हणतो, जोरात हाणत जा, मागे राहील. दुसरा म्हणतो, लोखंडी पाइप ठेव. एकाने तर मटणात औषध घालून टाकू म्हटलं. बायको म्हणते, सायकल विका. याच रस्त्याने सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर शाळेच्या पोरी जातात, त्यांचीही काळजी वाटते. काय करावं?

उत्तर:

भाऊ,

सायकलचं नंतर बोलू. 'दात लागला नसावा, नुसता ओरखडा आहे' असं एका ओळीत लिहून तुम्ही कोपराकडे वळलात, माझं लक्ष मात्र त्या ओरखड्यावरच अडकलं. उठा आणि दवाखान्यात जा. बाकीचं उत्तर तिथल्या बाकावर बसून वाचलंत तरी चालेल.

ओरखडा दाताचा की नखाचा, कपड्यावरून की थेट कातडीवर, ही वकिली आपण करायची नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो आणि कुत्रं दिवसभर स्वतःचे पंजे चाटत बसतं. सरकारी दवाखान्यातला नियम सोपा आहे. रक्त न आलेला ओरखडा असेल तरी लस घ्यायची. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लस तर घ्यायचीच, शिवाय जखमेत आणि तिच्या भोवती सिरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं वेगळं औषध, टोचून घ्यायचं. तुमच्या ओरखड्याला त्या दिवशी रक्त आलं होतं का, हे नीट आठवून डॉक्टरांना खरं खरं सांगा. पँटीला आतून डाग होता का, हे वहिनींना विचारा, धुणं त्यांनी धुतलं असेल तर त्यांना आठवेल.

'आठवडा झाला, मला काही झालं नाही' याला काही अर्थ नाही. रेबीजची लक्षणं बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, कधी त्याहून उशिराही. आणि एकदा दिसली की मग जगात कुठेच इलाज नाही. उशीर झाला म्हणून लस घ्यायची नाही असं नसतं, उशीर झाला म्हणून आजच घ्यायची असते. हाताच्या कातडीत टोचतात. पहिला डोस ज्या दिवशी, तो शून्यावा दिवस, मग ३, ७ आणि २८. खासगीत स्नायूत देतात, तिथे १४ वा दिवसही धरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ही लस फुकट मिळते. सिरम प्रत्येक केंद्रावर असेलच असं नाही. नसलं तर लस तिथे सुरू करा आणि सिरमसाठी चिठ्ठी घेऊन जळगावच्या सिव्हिलला जा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सिरम घेता येतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. शुगर आहे हे सांगा. शुगरमुळे लस टळत नाही, जखम मात्र जास्त जपावी लागते.

बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं तुमच्या-माझ्या पिढीच्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत, म्हणून माणसं दवाखाना टाळतात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. ती बंद होऊन वीस वर्षं झाली. आताची सुई गोवराच्या लसीसारखीच बारीक.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. काळा ओळखीचा आहे, बांधावर रोज दिसतो. चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, खातंय-भुंकतंय, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, आणि पुढचे डोस द्यायचे की थांबायचं हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. म्हणजे त्याच्यावर नजर ठेवा. पण आधी दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, हा हिशेब उलटा आहे. लस आज सुरू करायची, बघणं सोबत चालू ठेवायचं.

पुन्हा कधी दात-नख लागलंच, तर जिथे असाल तिथे जवळची मोटर, हौद, नळ गाठा आणि वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, दोन मिनिटं नव्हे. कपड्याचा साबण असला तरी चालेल. निम्मं काम इथेच होतं. त्यावर मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू काही लावायचं नाही. आणि अमक्या गावचे बाबा झाडपाल्याचा उतारा देतात असं कोणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि तुम्ही दवाखान्याची गाडी धरा.

आता सायकल.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून साक्री-शहादा पट्ट्यात नोकरी केली. पहिली काही वर्षं गावोगाव सायकलनेच जायचो, आणि सायकलच्या पिशवीला गुरांच्या औषधांचा वास. त्यामुळे कुत्र्यांनी माझी विचारपूस जरा जास्तच केलीय. त्यातून पक्कं झालेलं एक मत सांगतो: 'कुत्रा' म्हणून एकच इलाज शोधत बसू नका. तुमच्या रस्त्यावर तीन तऱ्हेची कुत्री आहेत, तिघांचं काम वेगळं, म्हणून तिघांशी वागणं वेगळं. काळा राखण करतोय. टोळी पोटामागे आहे. मेंढ्यांची कुत्री चाकरीवर आहेत.

तरी तिघांना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो, कारण उद्या सकाळी तीच कामाला येईल. पळू नका. तुमच्या मित्राचा सल्ला सगळ्यात वाईट. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी वीस-पंचवीसने चालवत असाल, जीव तोडून तीस. गावठी कुत्रं थोड्या अंतरापुरतं तीस-चाळीसने सहज पळतं. तापीकाठचा तुमचा तो सगळा पट्टा तळहातासारखा सपाट, उतार मिळणार कुठे? शिवाय पळणाऱ्याच्या मागे लागणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. गोल फिरणारा पाय त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. तुम्ही जोर लावला की तो पाय आणखी वेगाने फिरतो, आणि त्याला वाटतं, पळतोय म्हणजे काहीतरी घेऊन पळतोय.

मोटरसायकल लांबून ऐकू येते, सायकल येत नाही. अंधारात डोक्यावर हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, आवाज नाही, अशी वस्तू अचानक अंगावर आली तर कुत्रं दचकणारच. तो माणूस आहे हे त्याला तुमच्या आवाजावरून कळतं. म्हणून त्या तीन जागा यायच्या शंभर-दीडशे पावलं आधीपासून घंटी वाजवा आणि बोलत चला. काय बोलता याला महत्त्व नाही. मी गुरांच्या औषधांची नावं म्हणायचो. तुम्ही हनुमान चालिसा म्हणा, काल केळीला काय भाव निघाला ते म्हणा.

तरीही आलंच अंगावर, तर पॅडल थांबवा. दोन्ही हात हँडलवर, बोटं ब्रेकवर. लाथ मारायची नाही. लाथेने तोल जातो, आणि पाय आपणच त्याच्या तोंडात देतो. नजर रस्त्यावर ठेवा. तुम्ही पडलात ते काळ्याने ओढलं म्हणून की मागे बघताना हँडल वळलं म्हणून, हे जरा आठवून बघा. सायकलवाल्याला चाव्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा, आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर पहाटे केळीचे ट्रक कसे येतात हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून कडेला घ्या, हळूहळू थांबा, कुत्रं ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला उतरा. सायकल मधे राहिली पाहिजे. ते फिरलं की तुम्हीही सायकल फिरवा. पाठ दाखवू नका, पण डोळ्यांत डोळे घालूनही बघू नका, त्याच्या पायांकडे बघा.

मग आवाज. किंचाळायचं नाही, पोटातून एकच 'हाड!' काढायचं. नाहीतर आपलं 'घर जाय!' म्हणायचं. ते ऐकतच मोठी झालेली कुत्री आहेत ही, त्यांना ते बरोबर कळतं. बहुतेक वेळा पळणारी वस्तू थांबली, तिच्यातून माणूस उतरला आणि ओरडला, की कुत्र्याचा सगळा उत्साहच संपतो. ते दोन पावलं मागे सरकतं, जमीन हुंगल्याचं नाटक करतं, कान खाजवतं. या क्षणाला लगेच टांग मारू नका. सायकल हातात धरून पन्नासेक पावलं चालत जा, त्याची हद्द संपू द्या, मग बसा. उतरलेली बरीच मंडळी इथे घाई करतात आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

टोळीतल्या कुत्र्यांसमोर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला हा इशारा आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. दगड मारायचा मात्र नाही. नेम चुकला तर धाक गेला, आणि लागला तर ते कुत्रं सायकलवाल्यांना कायमचं लक्षात ठेवतं. तुम्ही मारलेल्या दगडाचा हिशेब मागून येणाऱ्या पोरीकडून चुकता होतो. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, नाकावर पिचकारी बसली की कुत्रं गोंधळतं, तेवढा वेळ पुरतो. मिरचीचा फवारा चालत्या सायकलवरून मारला तर वाऱ्याने तुमच्याच डोळ्यांत येईल. ते कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं यंत्र एखाद्या कुत्र्याला लागू पडतं, दुसरं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पैसे वाचवा.

'भुंकणारं कुत्रं चावत नाही' यावर विसंबू नका. पण भुंकत, शेपूट हलवत, अंतर ठेवून शेजारून पळणारं वेगळं, आणि मान खाली घालून, शेपूट ताठ करून, पाठीवरचे केस उभे करून, आवाज न करता येणारं वेगळं. दुसऱ्या तऱ्हेचं दिसलं की लांबूनच उतरा. पडलातच तर हात मानेमागे गुंफा, कोपरांनी कान झाका, गुडघे पोटाशी घ्या आणि निपचित राहा. आणि एखादं कुत्रं लाळ गाळत, झोकांड्या खात, जबडा लोंबकळत, हाकेला दाद न देता येईल त्याला चावत सुटलं असेल, तर वरचं काहीही करून बघू नका. एखाद्या घरात शिरा, दार लावा, ग्रामपंचायतीला फोन करा.

आता काळ्याकडे येऊ, कारण तुमचं खरं काम तिथे आहे.

केळीच्या बागेतला कुत्रा हौसेने पाळलेला नसतो. ठिबकच्या नळ्या, मोटरीची केबल, स्टार्टर, यांवर रात्री हात मारणारे असतात. रानडुकरं येतात. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती असते. शेतीची वीज रात्रपाळीला आली की सालदार पाण्यावर जातो, बायको-पोरं खोलीवर एकटी, आणि त्यांच्या राखणीला हा काळा. रात्रभर मोकळा असतो आणि उजाडल्यावर साखळीला लागतो. तुम्ही साडेपाचला, त्याची पाळी संपायच्या जरा आधी, त्याच्या बांधावरून न बोलता निघता. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने काम चोख केलंय.

म्हणून मालकाकडे तक्रार घेऊन जाण्याआधी सालदाराकडे जा. मालक बहुतेक गावात राहतो, त्याला त्या कुत्र्याचं नावही ठाऊक नसेल. दिवसा जा, संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला, जेव्हा काळा बांधलेला असेल. सायकल घेऊन, पण हातात धरून, चालत. डोक्यावर तेच हेल्मेट. लांबूनच 'ओ भाऊ' करून हाक मारा, सालदार बाहेर येऊ द्या. झालेलं सांगा, पायाचा ओरखडा दाखवा, आवाज न चढवता. तो आधी म्हणेल, 'आमचं चावत नाही.' सगळेच म्हणतात. त्यावर वाद घालू नका. दोन गोष्टी मागा. पहिली, पहाटे काळ्याला थोडं लवकर बांधता येईल का. रात्रीच्या पाण्यावरून तो परत किती वाजता येतो ते विचारा, त्यावरून तुम्हालाही तुमची वेळ पाऊण तास पुढे ढकलता येईल. हिवाळ्यात सव्वासहाला निघालात तर शुगरला काही फरक पडत नाही. दुसरी, काळ्याला रेबीजची लस दिलीय का. नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जायला सांगा, जमलं तर तुम्हीच सोबत जा. ही लस दरवर्षी द्यावी लागते, एकदा टोचली म्हणजे झालं असं नाही. आणि त्याने 'दिलीय' म्हटलं तरी तुमची स्वतःची लस चुकवायची नाही.

मग काळ्याची आणि तुमची ओळख करून घ्या. सालदार जवळ उभा असताना, काळा साखळीला असताना, तुम्ही सायकल स्टँडला लावून कडेला नुसतं बसा. त्याला हुंगायला येऊ द्या, हात पुढे करू नका. सालदार त्याला ज्या नावाने हाक मारतो ते नाव शिकून घ्या. दुसऱ्या दिवशी बांध यायच्या आधीच त्या नावाने हाक मारत जा. अंधारातून आपलं नाव घेत येणारा माणूस चोर कसा असेल, एवढा हिशेब कुत्र्याला कळतो. पार्ले-जीचा पुडा खिशात ठेवून चालत्या सायकलवरून बिस्किटं टाकणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. त्याने कुत्रं शांत होतं खरं, पण सायकल दिसली की पळत यायची सवय लागते, आणि तुमच्या मागून येणाऱ्याच्या खिशात बिस्किट नसतं. द्यायचंच असेल तर सालदाराच्या हाताने, थांबलेले असताना.

एक लक्षात ठेवा: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. सालदार बदलला तर नव्या माणसाकडे पुन्हा जावं लागेल, आणि कुत्रा नवा आला तर ओळखही नवी.

आणि ऐकलंच नाही कोणी तर? मग मालकाकडे जा, एकट्याने न जाता सोसायटीतल्या किंवा भाऊबंदातल्या कोणाला तरी सोबत घेऊन. त्यानंतर पोलिस पाटील. पाळलेल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. गावात रोज त्याच बांधावरून जायचंय तुम्हाला.

मेंढ्यांच्या कुत्र्यांचं गणित आणखी वेगळं. खरीप निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. ठेलारी असोत की धनगर, त्यांचा सगळा संसार त्या वाड्यात, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, असतो आणि कुत्री लांडग्या-बिबट्यावर सोडलेली असतात. साक्रीकडे मी त्यांना जवळून बघितलंय. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, एक कान फाटलेला, आणि भुंकायच्या आधी शांतपणे कळप आणि तुमच्या मधे येऊन उभं राहणं. याला वाकून दगडाचा इशारा करू नका, तो मागे सरकत नाही, पुढे येतो. त्याला तुमच्याशी देणंघेणं नाही, त्याला तुम्ही कळपापासून लांब हवे आहात. लांबूनच उतरा, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने सायकल हातात धरून चालत जा, आणि मेंढपाळाला मोठ्याने हाक मारा. तो एका शिट्टीत कुत्री बसवतो. मेंढ्या रस्ता ओलांडत असतील तर थांबा, मधून घुसू नका. मेंढ्या शेतात बसलेल्या असतील तर चार-आठ दिवसांत वाडा पुढच्या शेतात जाईल, तोवर तेवढा तुकडा चालायचा. यापलीकडे तिथे काही करायचं नाही.

उरली चिकनच्या दुकानांपाशीची टोळी. तिचं मूळ कुत्र्यात नाही, रात्री दुकान बंद करताना रस्त्याकडेला टाकलेल्या आतड्या-पिसांत आहे. तो ढीग तिथे आहे तोवर टोळी हटणार नाही. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो, त्यानंतर दोन महिन्यांनी पिल्लं, म्हणजे आता त्या टोळीत एखादी नुकतीच व्यालेली कुत्री असणार. तिचं बिऱ्हाड जवळच्या मोरीत किंवा कचऱ्यात कुठे आहे ते दिवसा बघून ठेवा आणि तिथून लांबून जा. व्यालेली कुत्री कुठल्याच 'हाड'ला जुमानत नाही.

मटणात औषध घालायची भाषा करणाऱ्या मित्राला घरी बोलावून सांगा, हे करशील तर मी साक्ष देईन. असं करणं कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं काम आहे. आणि ते मांस मेंढपाळाचं कुत्रं खाईल, घुबडं-कावळे खातील, काळा खाईल. टोळी मेलीच, तर ढिगावर महिन्याभरात शेजारच्या गावची नवी टोळी येईल, लस न दिलेली, तुम्हाला न ओळखणारी. लोखंडी पाइपचंही तेच. एका हातात पाइप घेऊन एका हाताने सायकल चालवणारा माणूस कुत्र्याआधी खड्ड्यात जातो. कॅरिअरला बांबूची हलकी काठी बांधा, उतरल्यावर ती फक्त हातात दिसू द्या. तेवढी पुरते.

टोळीसाठी खरं काम कागदावरचं आहे. आधी दुकानदारांशी बोला, दहा जणांनी मिळून: झाकणाचा ड्रम ठेवा, नाहीतर खड्डा करा. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण करून त्यांना पकडल्या जागी परत सोडायचं, ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, तुमच्या टोळीत किती कानांना खाच आहे ते मोजून अर्जात लिहा. शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवून तिथे परत सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला दिला, त्यामुळे शाळेच्या आवारासाठीचा अर्ज वेगळा करा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन्ही विषय घेतल्याचं इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) 'निधी नाही' म्हणतील, तेही लिहून घ्या.

वहिनींना सांगा, सायकल विकायची नाही. हे सगळं जमायला पंधरा-वीस दिवस लागतील, तोवर सव्वासहाला निघा आणि जमलं तर सोबत घ्या कोणाला.

पोरींचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या गटाने जातात, हे चांगलं, पण कुत्रं सुटलं की सगळ्या जीव खाऊन पॅडल मारतात आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात जड दप्तराची मागे राहते. कुत्रं तिलाच धरतं. त्यांना उलटं शिकवायला हवं: एकीने 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, उतरायचं, सायकली एकीला एक लावून आडव्या धरायच्या, आणि किंचाळायचं नाही, एकदम 'हाड' म्हणायचं. ओढणी गाठ मारून बांधायची, मागे फडफडणारं कापड कुत्र्याला खेळायलाच बोलावतं.

आणि याहून मोठी गोष्ट. पोरं ओरखडा लपवतात. सायकल पडली म्हणून ओरडा बसेल, सुई टोचतील, शाळा बंद करतील, या भीतीने घरी बोलतच नाहीत. पोरीच्या बाबतीत तर 'उद्यापासून सायकल नको' हे ऐकायला लागेल म्हणून ती आणखी गप्प राहते. तुम्ही सत्तेचाळीस वर्षांचे, आणि तुम्हीसुद्धा तो ओरखडा एका ओळीत उडवलात. त्यांना कोणीतरी मोठ्या माणसाने समोर उभं राहून सांगायला हवं की नख लागलं तरी त्याच दिवशी सांगायचं, त्यावरून कोणी रागावणार नाही, सायकल कोणी काढून घेणार नाही. पालकांनाही तेच सांगायला हवं, आणि ते जरा जास्त अवघड जाईल.

हे काम शाळेत परिपाठाच्या वेळेला दहा मिनिटांत होतं. मुख्याध्यापकांना भेटा. सायकल घेऊनच जा, उतरायचं कुठल्या बाजूने हे तोंडी सांगून समजत नाही, करून दाखवावं लागतं.

तुमचा,
नाना